न झालेल्या सभांचं इतिवृत्त

हे आत्ताच सांगायला हवं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यातल्या दोघांना सांगून झालंय, आणि एकानं तर ऐकून घेऊन चक्क झेरॉक्सवाल्याला हाक मारली. मग आता तुम्हीच उरलात. जेवणाची सुट्टी आहे, ऑफिसात मी आणि एक कुरकुरणारा पंखा, समोर नवा कम्प्युटर, आणि मी भराभर टाइप करतेय. माझी बोटं पहिल्यापासून जलद आहेत. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

बाहेर आखाजीचं ऊन आहे. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, खान्देशातला माहेरपणाचा सण. सकाळी जळगावातल्या, पिंप्राळ्याच्या आमच्या खोलीतून निघाले तेव्हा समोरच्या गच्चीवर दोन बायका ज्वारीच्या बिबड्या घालत होत्या, ओल्या जुन्या लुगड्यावर, पळीनं गोल गोल. तो वास आला, शिजलेल्या ज्वारीचा, पापडखाराचा. लोकांना या वासानं आई आठवते. मला जळकी रुई आठवते.

आमचं गाव धुळ्याच्या रस्त्यावर. गावात एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. तिथल्या ऑफिसात मी एकोणिसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून लागले. टायपिंगच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आले होते, म्हणून मला वाटायचं, जगातलं कुठलंही काम दोन बोटांच्या मध्ये बसतं. जिनिंगमध्ये दिवसभर रुई उडायची. पापण्यांवर बसायची, चहाच्या कपात तरंगायची, मशीनच्या अक्षरांत अडकायची. दर तासाला मी ‘क’ आणि ‘त’ टाचणीनं साफ करायचे. खिडकीतून अंगण दिसायचं, तिथं कापसाच्या गंज्या, पांढऱ्या, उन्हात बघवायच्या नाहीत अशा. आणि गंजीच्या सावलीत चाळीस बायका कवडी वेचत बसलेल्या, म्हणजे किडका, डागी कापूस बाजूला काढत. त्यात इंदूअक्का. तिची बोटं माझ्यापेक्षा जलद होती. मी तिला म्हटलं होतं एकदा, “अक्का, तू टायपिंग शिकली असतीस तर माझी नोकरी गेली असती.” ती म्हणाली, “आनि तू कवडी येची असती ते उपाशी मरती.” चाळीस बायका हसल्या. मीही हसले.

पण मला नानांचं सांगायचंय.

नाना आमच्या शेजारचे. एसटी डेपोत कंट्रोलर होते, निवृत्त झालेले. मी शाळेत असताना गावात कापसाला एक आग लागली होती, आणि त्या आगीत सगळे आले होते पण एकमेकांसाठी थांबून राहिले होते. टँकरवाले म्हणाले, आधी वीज बंद करा. विजेवाले म्हणाले, सांगितलं कोणी. दवाखान्याच्या गाडीला रस्ता नाही, कारण टँकर आडवा. पाणी होतं, माणसं होती, आणि कापूस शांतपणे जळून गेला. जळगावहून बंब यायला तास लागायचा, तो आला तेव्हा राख ओली करायचं काम उरलं होतं. त्यानंतर नानांनी आग समिती काढली. पाच ठिकाणं: जिनिंग, वीज ऑफिस, केळीवाल्यांचे टँकर, डेपो आणि दवाखाना. डेपोचा फोन दिवसरात्र कोणीतरी उचलतं, म्हणून निरोप सगळा तिथून.

अशा समित्या गावोगाव निघतात आणि वर्षात विरतात. आमची पाच वर्षं टिकली, आणि का टिकली ते मी शेजारी राहून बघत होते तरी मला कळलं नव्हतं. नाना दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी सायकल काढायचे. पाचही ठिकाणी स्वतः जायचे. बसायचे. चहा घ्यायचे, बशीत ओतून, निम्माच. आज ड्यूटीवर कोण, कोणाची बदली झाली, कोणाच्या घरी लग्न, टँकरचा कॉक गळतोय का. टँकरपाशी गेले की वाकून कॉक हातानं फिरवून बघायचे. मग डेपोत टांगलेली एक चावी घ्यायचे. ती डीपीची, म्हणजे जिनिंगच्या कोपऱ्यावरच्या खांबाखाली विजेची लोखंडी पेटी असते ना, तिची जादा चावी. वायरमन नसला तरी कोणालाही वीज तोडता यावी म्हणून. नाना वायरमनला सोबत घेऊन पेटीपर्यंत चालत जायचे, कुलूप उघडायचे, परत लावायचे, आणि चावी डेपोत नेऊन टांगायचे.

दर महिन्याला. मी एकदा विचारलं, “नाना, कुलूप काय महिन्याभरात विसरतं का?”

“कुलूप नाही गं विसरत. आपण विसरतो.”

तेव्हाचा वायरमन रमेशभाऊ, मोठा गमत्या. तो नानांना म्हणायचा, “नाना, ही समिती आगीची आहे का चहाची?” नाना म्हणायचे, “तू माझ्यासोबत चहा प्यायला दहा मिनिटं देत नाहीस, तर माझ्या एका फोनवर जेवणावरून उठशील का?” रमेशभाऊ हात जोडायचा आणि पेटीकडे चालू लागायचा.

दुपारी चार वाजता वाचनालयाच्या खोलीत सभा. ती पंधरा मिनिटांत संपायची, कारण बोलणं सकाळीच झालेलं असायचं. नाना वहीत चार ओळी लिहायचे. मला ती वही बघवायची नाही. अक्षर वाकडं, ओळी तिरप्या, मध्येच “दगडूआबाच्या म्हशीला बरं नाही” असंही. दगडूआबा म्हणजे टँकरवाले. मी म्हटलं, नाना, हे मला द्या, मी टाइप करून देते, व्यवस्थित, इतिवृत्त म्हणून, फाईल करून. नाना म्हणाले, कर बापा. मग मी करत गेले. फाईल सुंदर झाली, हिरवी, नाडीची. मला तिचा अभिमान होता. एखाद्या मुलीला आपल्या वेणीचा असतो तसा.

सहा वर्षांपूर्वी माघात नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. धुळ्याला, मुलीकडे. आधी एक डोळा, मग दुसरा, म्हणजे तीन महिने गेलेच. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, “तीन गुरुवार तुझ्याकडे. फक्त फिर, पोरी. बाकी काही नको करूस. कागद नंतर.”

मी हो म्हटलं. इतकं सोपं होतं.

आणि मी काय केलं माहितीय? मला हे टाइप करताना कान गरम झालेत. मी विचार केला, पाच ठिकाणी सायकल हाणत फिरायचं, उन्हात, पाच चहा प्यायचे, रमेशभाऊच्या टिंगली ऐकायच्या, एवढा वेळ कुणाकडे आहे? मी स्टेन्सिल कापली. पाच पत्रं काढली, एकसारखी, वर समितीचं नाव ठळक. “आपणांस कळविण्यात येते की.” जिनिंगच्या शिपायाबरोबर पाठवून दिली. अर्ध्या तासात काम. मला वाटलं, मी ही समिती नव्या काळात आणली. खरंच असं वाटलं. पत्राची एक प्रत मी घरी आईला वाचूनही दाखवली.

पहिल्या गुरुवारी चार वाजता वाचनालयात दवाखान्याचा कंपाउंडर आला. एकटा. त्यानं दहा मिनिटं वर्तमानपत्र वाचलं आणि गेला. दुसऱ्या महिन्यात कोणीच नाही. बाजारात दगडूआबा भेटले, केळीचा घड खांद्यावर, मला बघून थांबले. “पोरी, नाना कथा ग्यात?”

“धुळ्याला, आबा. डोळ्यांचं ऑपरेशन. पत्र मिळालं ना तुम्हाला?”

“मियनं. पन कागद माले वाचता येस नही. नाना येस, बठस, सांगस, ते समजस.” मग हसले. “नातूकडथीन वाचाडी लिसू.” नातवाकडून वाचून घेईन म्हणाले. मी बरं म्हटलं आणि पुढे गेले. मला बांगड्या घ्यायच्या होत्या.

आता ती गोष्ट, जी मी सहा वर्षं आपणहून कुणालाच सांगितली नाही. सभा झाल्या नाहीत, हे मी फाईलला सांगितलं नाही. फाईलमध्ये एक महिना रिकामा राहणं मला सहन होईना. मागच्या महिन्याचा कागद समोर ठेवला आणि टाइप केलं. “प्रारंभी सर्वांचे स्वागत करण्यात आले. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. टँकर सुस्थितीत असल्याचे सांगण्यात आले. डीपीच्या चावीची खात्री करण्यात आली.” खाली, सचिवांकरिता, म्हणजे नानांकरिता, माझी सही. सहा मिनिटं लागली. दुसऱ्या महिन्यात पाच. चैत्रात मी ते अंगणाकडे बघत, कागदाकडे न बघता टाइप केलं. एकही चूक नाही.

मध्ये फाल्गुनात एक दिवस दारात एक माणूस उभा होता. सडपातळ, खाकी शर्ट, पायात धुळीनं पांढऱ्या चपला. म्हणाला, “बाई, ती आगीची समिती कुठं बसते? मी पवार. नवीन वायरमन. रमेशभाऊंची बदली झाली ना. पेटीचं जुनं कुलूप गंजलेलं, तोडून नवं लावलंय. हिची एक चावी कुठंतरी द्यायची असते असं कोणीतरी म्हणालं.” हातात चावी होती. नवी, पिवळी.

मी टाइप करत होते. गाठींची यादी, संध्याकाळच्या आत हवी होती. मी वर बघितलंही नाही नीट. म्हटलं, “सचिव धुळ्याला गेलेत. त्यांना येऊ द्या. तुम्हाला पत्र येईल.”

“बरं,” तो म्हणाला. क्षणभर उभा राहिला, चावी खिशात घातली आणि गेला. त्याला पत्र गेलं नाही. पाचही पत्रं मी जुन्याच नावांनी पाठवत होते. त्याच्या ऑफिसात ती रमेशभाऊच्या नावानं टेबलावर पडून राहिली असणार.

हात पुढे केला असता तर. डेपो आमच्या फाटकापासून दोनशे पावलं होता.

आखाजीला आमच्याकडं दुपार सुद्धा सणासारखी असते. माहेरी आलेल्या मुली कडुलिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, घराघरात खापरावर मांडे, आमरस, आणि गच्च्यांवर वाळवणं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. त्या दिवशी जिनिंग अर्धा दिवस चालू होतं, हंगाम संपत आलेला. वारा सुटला, गरम, धुळीचा. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं, अंगणावरून जाणारी विजेची तार झोक्यासारखी हलली आणि खाली आली. आवाज फारसा नाही. कापसाच्या गंजीवर पडली आणि गंजीवर निळं काहीतरी नाचलं. मग पांढऱ्यावर एक काळा डाग, तो पसरत गेला, आणि मग एकदम सगळं.

मी डेपोत फोन केला. कंट्रोलरनं पुढचे फोन केले. समिती, खरं सांगायचं तर, आली. दगडूआबांचा टँकर काही मिनिटांत फाटकात होता, त्यांना कोणी कळवायच्या आधीच त्यांनी धूर पाहिला होता. भरलेला, कॉक चोख. पण तार जिवंत. जिवंत तारेवर पाणी मारलं की मारणारा मरतो. आबा नळी हातात धरून उभे राहिले आणि ओरडत राहिले, “लाईट बंद करा, लाईट बंद करा.” कंट्रोलर डेपोतून चावी घेऊन धावत पेटीपाशी आला. चावी लागेना. त्यानं पुन्हा घातली. उलटी घातली. थुंकी लावून घातली. मी त्याच्या मागे उभी होते. मला चावी का लागत नाही ते माहीत होतं. तिथं असलेल्यांपैकी फक्त मला.

“पवारला बोलवा,” मी म्हटलं. “कुलूप बदललंय.” त्या गोंधळात हे कोणी ऐकलं, कोणी नाही. तुला कसं माहीत असं कोणीच विचारलं नाही.

पवार बाजूच्या गावी तुटलेल्या लाईनवर चढला होता. त्याला आणायला मोटारसायकल गेली. कोणी म्हणतं वीस मिनिटं, कोणी म्हणतं पाऊण तास. मी घड्याळ बघितलं नाही. कुणीतरी घण आणून कुलूप फोडायचं म्हणालं, पण जिवंत विजेच्या लोखंडी पेटीवर घण घालायला कोणी धजेना. तेवढ्या वेळात आग अंगणाची भिंत ओलांडून पलीकडच्या चाळीवर गेली. सहा घरं, पत्र्याची. तिसरं इंदूअक्काचं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती. अक्का आत गेली आणि तिनं सासूला लोखंडी खाटेसकट ओढत बाहेर काढलं. खाट तापलेली होती. अक्कानं हात सोडले नाहीत.

पवार आला, उतरता उतरता त्यानं खिशातून चावी काढली, पिवळी, आणि पेटी एका क्षणात उघडली. मग आबांचं पाणी सुटलं.

सासू वाचली. अक्काच्या उजव्या हाताची तीन बोटं पुढे एकमेकांना चिकटून बरी झाली.

तिसऱ्या दिवशी चौकशीला एक अधिकारी आले. ऑफिसात माझ्याच टेबलाशी बसले. म्हणाले, समितीचे कागद आहेत का काही? मी हिरवी फाईल दिली. ते पानं उलटत होते आणि मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. मग ते म्हणाले, “वा. इतकी चोख फाईल मी जिल्ह्यात पाहिली नाही. चैत्रात चावीची खात्री झालेली आहे. म्हणजे कुलूप त्यानंतर बदललं, आणि कळवलं नाही.” पवार समोर उभा होता. म्हणाला, “साहेब, मी फाल्गुनातच बदललं. आणि कळवायला इथं आलो होतो. ह्या बाई होत्या.”

अधिकारी माझ्याकडे वळले. “आले होते का हे?”

रुईचा एक तंतू माझ्या टाइपरायटरवर उडत होता. मी त्याकडे बघितलं आणि म्हटलं, “मला आठवत नाही.”

मला वाटलं होतं पवार भांडेल. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू माझं काहीतरी खाली सांडलंय आणि ते मला सांगायचं की नाही असा प्रश्न त्याला पडलाय. त्याला निलंबित केलं. चार-पाच महिन्यांनी परत घेतलं म्हणे, दुसरीकडे. मला जिनिंगनं पुढच्या महिन्यात पगारवाढ दिली. फाईलबद्दल.

नाना परत आले, डोळ्यांवर हिरवं फडकं. मी त्यांना फाईल वाचून दाखवायला घेतली तर म्हणाले, राहू दे, आणि भिंग लावून स्वतः वाचत बसले. तीन पानं, खूप वेळ. मग विचारलं, “हे तू फिरून लिहिलंस का बसून?”

“बसून.”

“मग तसं सांगून ये.”

एवढंच. मी गेले नाही. ते परत कधी विचारायलाही आले नाहीत, आणि ते विचारत नाहीत म्हणून मी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांच्या ओट्याकडे पाठ करून उभी राहू लागले. त्यांनी एका डोळ्यावर पट्टी असताना सायकल हातात धरून, चालत, पुन्हा पाच ठिकाणं केली. पण आता लोक वेगळं बोलायचे. वीज ऑफिसात कोणी तरी त्यांना म्हणालं, “आमचा माणूस तुमच्याच कागदानं घरी बसला, नाना. आता आणखी कागद नको.” डेपोनं चावी परत टांगून घ्यायला नकार दिला, नंतर आमच्यावर येतं म्हणाले. दगडूआबांनी चहा पाजला, पण सभेचं नाव काढलं की विषय बदलायचे. आगीनं समितीला काही केलं नव्हतं. ती माझ्या तीन पानांनी संपवली. नाना गेले त्याला दोन वर्षं झाली. मी दहाव्याला गेले होते, मागे उभी होते.

मी गाव सोडलं, परीक्षा दिली, जळगावला सरकारी ऑफिसात लागले, लग्न झालं. दीपनगरला एक मैत्रीण आहे, रविवारी तिच्याकडे जायचे, सिनेमा बघायचे, हसायचे. सगळं ठीक होतं.

गेल्या आठवड्यात आमचे साहेब एक हिरवी फाईल घेऊन आले. जिल्हाभर समित्या करायच्यात, आग, पूर, वादळ, सगळ्यांसाठी, वेगवेगळ्या खात्यांनी मिळून. “नमुना म्हणून ही पाठवू. बघा किती छान ठेवलीय कोणी.” नाडी तीच. चौकशीवाल्यांनी पुढे मागवून घेतलेली आमचीच फाईल. पान उघडलं आणि माझी सही दिसली, लग्नाआधीच्या आडनावाची, गोल गोल, खूश.

रविवारी मी आखाजीच्या गर्दीतून एसटीनं गावी गेले, अक्काकडे. ती मला बघून म्हणाली, “ये. सणना दिन रिकामं तोंड लीसन नको बस. मांडा खाय.” डाव्या हातानं वाढलं. मी खाल्लं नाही, आधी सांगितलं. सगळं. चावी, पत्र, आठवत नाही म्हटलं ते. मला वाटत होतं ती मारेल, आणि खरं म्हणजे मला ते हवं होतं.

तिनं मांड्याचं ताट झाकून बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “तो दवाखानामा रोज ये.”

“कोण?”

“पवार. मी पडेल व्हतू तवय. रोज सांजले ये, खाटजोडे खाले मान घालीसन बसे. बठ्ठा त्याले शिव्या देत. मीबी दिन्यात.” तिनं चिकटलेली बोटं पदराखाली घेतली. “पिशवीमा मोसंब्या लये. मी त्या बाहेर फेकी दिन्यात. सहा वरीस मी त्याले शाप देस. आनि तो ते चावी लीसन उना व्हता.”

तो तर चावी घेऊन आला होता. मी मान खाली घातली. माझ्यामुळे अक्काचा हात गेला एवढाच हिशेब मी सहा वर्षं करत होते. तिनं एका निर्दोष माणसाला शिव्या दिल्या आणि त्याचं ओझं आता तिच्याही डोक्यावर आलं, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. ते रविवारी, मी सांगितल्यामुळे आलं.

“माले कशाले सांगस?” ती शेवटी म्हणाली. “त्याले सांग. आनि मन्ह बी सांग. म्हनवा, अक्कानी मोसंब्या फेक्यात, चुकनी.”

आज सकाळी मी साहेबांना सांगितलं. उभं राहून, फाईल हातात. म्हटलं, यातल्या शेवटच्या तीन सभा झाल्याच नाहीत, मी बसल्या जागी लिहिल्यात, आणि त्यामुळे एका माणसाची नोकरी जात होती. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, “अहो, पण आपण नमुना पाठवतोय. नमुना खरा कशाला लागतो? मांडणी बघा ना किती छान आहे.” आणि झेरॉक्सवाल्याला हाक मारली. मी म्हटलं, मग माझं म्हणणं तरी लेखी घ्या. ते म्हणाले, आता सणाच्या दिवसांत नको, बघू पुढच्या आठवड्यात. प्रती निघाल्यासुद्धा. तालुक्या-तालुक्यात कोणीतरी जलद बोटांची मुलगी ती समोर ठेवेल आणि वाटेल, समिती चालवतात ती अशी. तिला तेवढं वाक्य दिसेल, चावीची खात्री करण्यात आली. आधीच्या पानांमागची सायकल दिसणार नाही, ते निम्मे चहा दिसणार नाहीत, म्हशीचं बरं-वाईट दिसणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावात ती फाईल आली, तर शेवटची तीन पानं खोटी आहेत. ती मी लिहिलीत. पवारनं कुलूप फाल्गुनात बदललं होतं आणि तो चावी द्यायला आला होता. मला आठवतं. त्याच्या चपलांवरची धूळसुद्धा आठवते.

पवार आता असोद्याला असतो, मी वीज ऑफिसात विचारलं. इथून अर्धा तास. संध्याकाळी जाणार आहे. मघाशी वाटलं आधी चिठ्ठी टाकावी, म्हणजे त्याला तयारी होईल. पडद्यावर वर तारीख टाइप केली, “आपणांस” एवढं टाइप केलं, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की सगळं पुसून टाकलं. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. दार उघडल्यावर तो मला ओळखेल का? ओळखलं नाही तर मीच सांगायचं ना, ती बाई, जिला आठवत नव्हतं?

तुमचं झालंय का असं कधी? न केलेल्या कामासाठी कोणी तुमची पाठ थोपटली, आणि त्याच खोलीत दुसऱ्या कोणाची मान खाली गेली, आणि तुम्ही गप्प उभे राहिलात? आणि मग पुढे कधीतरी त्याच्या दारात गेलात? गेला असाल तर मला सांगा, पहिलं वाक्य तुम्ही काय बोललात.